तिसऱ्या रांगेतून ऐकलेलं

४ सप्टेंबर

सकाळी नऊला एक गाडी ओढून आणली. सात सीटची, मागून ट्रकने चेपलेली. डिकीचा दरवाजा दुसऱ्या रांगेच्या पाठीला चिकटला होता. मध्ये तिसरी रांग होती हे सांगावं लागतं, कारण ती दिसत नव्हती. फोमचा एक पिवळा तुकडा तेवढा बाहेर लोंबत होता, जिभेसारखा. पेंटर म्हणाला, "मालक, मागे कोणी नव्हतं म्हणे. छत्र्या होत्या फक्त." तरी ग्राइंडर लावून पत्रा कापेपर्यंत दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो. छत्र्याच निघाल्या. तीन. तिन्हींचे मणके मोडलेले.

आणि नेमका आजच हिने जेवताना विषय काढला — सगळ्यांनी एका गाडीत जायचं. आम्ही सहा जण. मी, ही, आमची एकुलती एक लेक ठकी (कागदोपत्री नाव वेगळं, पण घरात ठकीच), जावई, आणि त्यांच्या दोन मुली. कुठे निघालो की दोन गाड्या, आणि दोन गाड्यांत दोन वेगळी भांडणं. ही म्हणाली, "दुसऱ्यांच्या गाड्या सरळ करण्यात जन्म गेला तुमचा. आता एक स्वतःसाठी धड घ्या."

खरं आहे. फूटपाथवर एक हातोडी आणि उसना टेबलफॅन घेऊन बसलेला माणूस मी. आज तीन शटर आहेत.

घ्यायची ठरवली. तीन रांगांची, फार अगडबंब नको, आमच्या गल्लीत वळेल अशी. पण लोकांसारखी मी पुढून बघणार नाही. बॉनेट आणि स्क्रीन बघून भुलतो तो गिऱ्हाईक. मी मागून बघणार. गाडी खरी कशी आहे ते सगळ्यात आधी शेवटच्या रांगेतल्याला कळतं.

५ सप्टेंबर

बहिरेपणाचं एकदा लिहून ठेवतो.

पत्रा ठोकणारा माणूस पन्नाशीत बहिरा होतो. माझे उस्ताद झाले. त्यांच्याकडे माझ्याबरोबर शिकलेले चौघे झाले. मी पहिल्या दिवसापासून कानात कापूस घालत आलो, म्हणून वाचलो. लोकांना वाटलं, हाही गेला. मी वाटू दिलं. धंद्याला फार बरं असतं. नवरा-बायको माझ्या नाकासमोर उभे राहून ठरवतात, "म्हाताऱ्याला सांग, दारसुद्धा याच अपघातात गेलं." मी हसतो, खांद्यावर थोपटतो आणि म्हणतो, "होईल, होईल. सगळं सरळ होतं." हे माझं ठरलेलं वाक्य. कुठल्याही प्रश्नाला चालतं. तीस वर्षांत एकदाही कोणी म्हटलं नाही की हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही.

हे सोंग फक्त हिला आणि या वहीला माहीत. पेंटरला संशय आहे, पण तो शहाणा आहे.

जावईसुद्धा मला याच दुकानात मिळाला. विमा कंपनीचा सर्व्हेअर. ठोकलेल्या गाडीवरून बोट फिरवायचं आणि सांगायचं, हा डेंट या अपघातातला, हा जुना. कधी चुकत नाही. हात मऊ, कपडे इस्त्रीचे, आणि आवाज कधी म्हणून चढत नाही. मला तेच आवडलं होतं. आमच्या धंद्यात सगळेच ओरडतात.

९ सप्टेंबर

पहिली गाडी. पांढरी.

शोरूमचे सगळे डेंट माझ्याकडेच सरळ होतात, त्यामुळे ते चावी हातात देतात आणि बरोबर माणूस पाठवत नाहीत. तिथली सेल्सवाली मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही मागे? ती जागा मुलांची असते." म्हटलं, "म्हणून तर." हिचा गुडघा धरलाय, ती घरी राहिली. जावई चालवायला, ठकी त्याच्या शेजारी, मध्ये दोन्ही नाती, आणि मी तिसऱ्या रांगेत डाव्या कोपऱ्यात, गुडघे हनुवटीला लावून. गाठोडं ठेवावं तसा.

नाती चिवचिवत होत्या. थोरली सात वर्षांची, धाकटी चार. कोणाला खिडकी, कोणाला कप ठेवायची जागा. आणि एकदम दोघी गप्प झाल्या. कोणी ओरडलं नाही, दटावलं नाही. बटण दाबून रेडिओ बंद करावा तशा.

त्या गप्प झाल्या म्हणून मला जावई ऐकू आला. ॲव्हरेज समजावून सांगावं त्याच आवाजात बोलत होता.

"सीट मऊ आहेत असं तू म्हणालीस. तुला विचारलं होतं कोणी? … नाही, सांग ना. विचारलं होतं? … घरी गेल्यावर बोलू आपण. खांदा बरा झालेला दिसतोय तुझा."

ठकीने समोर रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाली, "पुढे सिग्नल आहे."

आरशातून त्याने माझ्याकडे बघितलं. मी हसलो. तीस वर्षांची सवय!

"बाबा," तो मोठ्याने ओरडला, बहिऱ्याशी ओरडतात तसा, "मागे कसं वाटतंय?"

"होईल, होईल," मी म्हटलं. "सगळं सरळ होतं."

१० सप्टेंबर

सकाळी हिला सांगितलं. ही इस्त्री करत होती. जे ऐकलं ते शब्दाला शब्द सांगितलं. हिने इस्त्री उभी करून ठेवली आणि शर्टाच्या बाहीकडे बघत राहिली.

मी म्हटलं, "त्याचा हात उखडून त्याच्याच हातात देतो."

ही म्हणाली, "तुमचा कोणी उखडला नव्हता."

लिहायचं तर खरं लिहावं. लग्नानंतरच्या दोन वर्षांत मी हिच्यावर चार वेळा हात टाकला. ही म्हणते सात. तिचाच आकडा धरावा, मार खाणाऱ्याचं मोजणं पक्कं असतं. हिच्या भुवईत एक रेघ आहे, तिथे केस उगवत नाहीत. कप होता. मी दिवसभर पत्रा ठोकतो, घरी आल्यावर हात लगेच थांबत नाही, असं तेव्हा स्वतःला सांगायचो. पत्र्यावर खापर फोडायला सोपं.

"माझे वडील आले होते," ही म्हणाली. "टाके होते तेव्हा. समोर बसले. चहा घेतला. तुम्हाला विचारलं, धंदा कसा चाललाय. गेले."

"पण मी नंतर कधी—"

"ठकी बोलायला लागली तेव्हा थांबलात. घरात ऐकणारं कोणीतरी आलं म्हणून."

मग तिने इस्त्री उचलली. "पोरीला विचारा. बसून बोला तिच्याशी."

"विचारलं तर ती नाही म्हणणार. आधी मी पुरतं ऐकतो. कानांनी ऐकल्याशिवाय हात उचलायचा नाही या वेळी."

"तुम्ही आणि तुमचं ऐकणं," ही म्हणाली.

१२ सप्टेंबर

एका मडगार्डला तीस ठोके पुरले असते. एकशे चाळीस दिले. मडगार्ड फाटलं.

१४ सप्टेंबर

दुसरी गाडी. राखाडी. माणसं तीच, जागा त्याच. फक्त डावीकडचा पट्टा अडकत होता म्हणून मी उजव्या कोपऱ्यात, खांदा काचेला लावून बसलो.

काय गाडी आहे! आत आवाज म्हणून नाही. टायरचा नाही, वाऱ्याचा नाही. पुढचे दोघंही आज शांत. मी कान टवकारून बसलो होतो पण पूर्ण पाऊण तासात एक शब्द आला नाही. नातीसुद्धा गप्प, पण पोरी कधी कधी पेंगतात. गाडी इतकी चांगली की माणसंही चांगली वागायला लागली असं वाटलं. परवा मी काही भलतंच ऐकलं असेल का? नवरा-बायको बोलतात काहीबाही. खांदा काय, कोणाचाही दुखतो.

उतरताना ठकी मनगट चोळत होती. घड्याळाचा पट्टा घट्ट असेल.

शोरूमच्या सोफ्यावर धाकटी माझ्या मांडीवर चढली आणि कानाशी तोंड आणून काहीतरी गुपित सांगितलं. नुसती ऊब लागली आणि गुदगुल्या झाल्या. म्हटलं, "होईल, होईल." ती माझ्याकडे बघत राहिली. मग उतरून गेली.

परत येताना वाटेत पेंटर भेटला, त्याला माझ्या गाडीत शेजारी घेतला. म्हणाला, "मालक, इकडच्या चाकाशी काहीतरी खडखडतंय." मी म्हटलं, तुझे कान वाजतात. दुकानात जॅक लावला तर बोल्ट सुटून त्याच्या हातात आला. दिवसभर तो बोल्ट टेबलावर ठेवून माझ्याकडे बघत हसत होता, हरामखोर.

१७ सप्टेंबर

काल ठकी आली होती. हिने तिचे केस विंचरायला घेतले, लहानपणी घ्यायची तसे. कानामागे, केसांच्या मुळाशी, रुपयाएवढी खपली. तिथले केस मुळासकट गेलेले. हिने फणी बाजूला ठेवली आणि मग मान, मग खांदा बघितला. खांद्यावर पिवळं पडत चाललेलं एक, आणि त्याच्यावर निळं, ताजं.

"काय गं हे?"

"कपाटाचं दार लागलं."

"दोनदा?"

"आई, विंचरणार असलीस तर विंचर."

ही मला सांगत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे त्याचं ते बोट येत होतं, बॉनेटवरून फिरणारं. हा जुना, हा नवा. कुठला मार बाहेरून दिसतो आणि कुठला दिसत नाही, हे त्याला कोण शिकवणार? केसांखाली, बाहीखाली. पोटापाण्याचा धंदा आहे त्याचा.

हिने आज पुन्हा सांगितलं, पोरीशी बोला. मी म्हटलं, ती कपाटाचं दार सांगेल. अजून एक फेरी मारू. राखाडी गाडीत काही ऐकू आलं नाही, कारण ती गाडीच तशी होती. आता जरा हलक्या बांध्याची घेऊ.

ही म्हणाली, "गाडी घेताय का सापळा लावताय?"

दोन्ही.

२१ सप्टेंबर

हात धुतले तरी नखांत आहे. 

तिसरी गाडी. चॉकलेटी. मध्ये एकसंध बाक, त्याच्यावर दोघी नाती पट्टे लावून. मी मागे डाव्या कोपऱ्यात. खिशात नेहमीची लहान हातोडी — नव्या गाडीचा पत्रा टिचकून बघतो मी, आत पुट्टी भरलेली असली तर आवाज मेलेला येतो.

मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत सगळं ठीक. मग पोरी गप्प झाल्या.

"आईकडे गेली होतीस. केस विंचरून घेतलेस." त्याचा आवाज लोण्यासारखा. "दाखवलंस का?"

"नाही."

"हात दे."

"गाडी चालव ना रे. मुली आहेत."

"हात दे. डावा."

सिग्नल लाल होता. गाडी थांबली. मला त्याची कोपरं तेवढी दिसत होती. मग आवाज आला. बोट मोडल्याचा आवाज मी ओळखतो, दुकानात तीनदा ऐकलाय. ओली काडी मोडल्यासारखा, पण त्याहून लहान. ठकी ओरडली नाही. श्वास आत घेतला, एवढंच. सवय असल्याशिवाय असा श्वास घेता येत नाही.

मी उठलो आणि डोकं छताला आपटलं. मधल्या बाकाला मूठ असते, ती ओढली की बाक पुढे पडतो आणि मागच्याला वाट मिळते. ओढली. बाक हलला नाही. बाकावर कोणी बसलेलं असलं तर तो हलत नाही, सोय म्हणून तसं केलेलं असतं. माझ्याच नातींच्या वजनाने मी आत कोंडला गेलो होतो. शेजारची काच उघडत नाही, ती नुसती बाहेर बघायला. डिकीचं बटण बाहेरून.

पुढे तो म्हणत होता, "आता उजवा."

हातोडी काढली. मागची काच दुसऱ्या ठोक्याला फुटली. तिच्यातून तोंडावर, पोटावर सरपटत बाहेर आलो आणि रस्त्यावर पडलो. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवायचा विसरला. उठून चालत पुढे गेलो. धावलो नाही, हे मला नीट आठवतं. ड्रायव्हरचं दार उघडलं. कॉलरला धरून त्याला बाहेर ओढला आणि दार लावून त्याची पाठ दाराला टेकवली.

पत्रा ठोकताना मागून आधार लागतो. दुसऱ्या हातात लोखंडी ठोकळा धरतो आम्ही, म्हणजे ठोका वाया जात नाही. त्याच्या पाठीमागे दार होतं. एकही ठोका वाया गेला नाही. पहिला उजव्या मनगटावर. ते गेलं, आवाजावरून कळलं. दुसरा खांद्याच्या हाडावर. मग हातोडी कुठेतरी पडली आणि मी मुठीने मारत राहिलो. दात लागला, माझंच बोट चिरलं. नाक एका बाजूला गेलं. मला थांबावंसं वाटत नव्हतं. हे लिहून ठेवतो, कारण उद्या मी म्हणेन की भान नव्हतं. भान होतं.

तो खाली बसला. तोंडातून लाळ आणि रक्ताची तार. माझ्याकडे वर बघून, काही केल्या खरं वाटत नाही अशा चेहऱ्याने म्हणाला,

"बाबा… तुम्हाला ऐकू येतं?"

लोकांनी मला मागे खेचलं. मागे वळलो तेव्हा काचेतून थोरली नात दिसली. तिने दोन्ही हातांनी धाकटीचे कान झाकले होते. घाईने नाही. ते हात जागेवर बरोबर बसले होते. पुष्कळदा केलेलं काम असावं तसे. आणि बघत होती ती बापाकडे नाही. माझ्याकडे. त्याच्याकडे बघत असेल अगदी तशी.

२२ सप्टेंबर

पोलीस ठाणे. त्याचा हात प्लास्टरमध्ये, नाकावर पट्टी. साहेबांनी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "गाडीच्या दारात हात सापडला."

ठकीचं कपाटाचं दार, याचं गाडीचं दार. आमच्या घरात दारंच मारकुटी.

मला कळलं त्याचं गणित. माझं नाव घेतलं तर तिचं बोट निघणार, बोट निघालं की खांदा, केस, सगळं. सर्व्हेअर आहे, कुठे पांघरूण घालायचं ते त्याला कळतं. साहेबसुद्धा सुस्कारा टाकून म्हणाले, "चला, घरचं घरात मिटलं म्हणायचं."

"नाही," ठकी म्हणाली. बोटाला लाकडी पट्टी, केस तसेच विस्कटलेले. "लिहून घ्या. मी सांगते."

तिने सगळं सांगितलं. अडीच वर्षांचं, तारखांसकट. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. मग तिने तेवढ्याच आवाजात पुढचंही सांगितलं, "आणि यांना माझ्या वडिलांनी मारलं. हातोडीने. खाली बसल्यावरसुद्धा मारलं." माझ्यावरही गुन्हा लागला, जामिनावर सुटलो. वकील म्हणाला, लेकीने बापाविरुद्ध जबाब द्यावा?

द्यावा. तिच्या आईला कोणी देऊ दिला नव्हता.

मुली आणि ठकी आमच्याकडे.

२४ सप्टेंबर

चॉकलेटी गाडीची काच बसवून दिली. दारावर त्याच्या पाठीचा खोलगट डेंट होता. पेंटर म्हणाला, "मालक, हा मी करतो." मीच केला. आतून ठोकून बाहेर काढला. हात फिरवला तर कळत नाही.

धाकटी माझ्या मांडीवर आता येत नाही.

२६ सप्टेंबर

गाडी ठरली. निळी.

सेल्सवाली मुलगी बिचारी हळू आवाजात म्हणाली, "काका, आता तुम्ही पाचच जण ना… मग दोन रांगांची घ्या. स्वस्त पण, सुटसुटीत पण." म्हटलं, नाही, तीनच रांगा. निळीत मध्ये बाक नाही, दोन सुट्या खुर्च्या आहेत आणि दोन्हींच्या मधून वाट. मी मागे जाऊन बसलो आणि एकटा उठून पुढे आलो. पुन्हा बसलो, पुन्हा आलो. चार वेळा केलं. शोरूममधले लोक बघत होते.

"मागच्या माणसाला कोणाला न विचारता पुढे येता आलं पाहिजे," मी म्हटलं.

ती म्हणाली, "हे कोणी बघत नाही, काका. सगळे डिकी किती उरते ते विचारतात."

२८ सप्टेंबर

आज हिचं ऐकलं. ठकीशी बोललो.

ती गॅरेजच्या पायरीवर बसली होती. मी समोर उभा राहिलो. दुकान बंद, मुली आजीपाशी. मी म्हटलं, "एकदा सांगायचं होतंस मला. एकदाच. मी इतके दिवस वाट बघितली नसती."

तिने मान वर केली. तिच्या डोळ्यांत राग होता म्हणावं तर तोही नव्हता, राग कधीचा शिळा झालेला होता.

"सांगितलं होतं."

"कधी?"

"मागच्या वर्षी, मार्चात. याच पायरीवर, तुमच्या शेजारी बसून. बरगडीचं सांगितलं, पाण्याच्या टबाचं सांगितलं. अर्धा तास बोलत होते मी. रडले नाही, कारण रडले असते तर सांगून झालं नसतं."

"ठकी, मला कोणी काही—"

"बाबा, माझ्यापुढे नको ते सोंग. तुम्हाला ऐकू येतं हे मला सातवीत असल्यापासून माहीत आहे. गाडीत तुमच्या शेजारी बसून मी हळूच गाणं म्हणायचे, आणि तुमची बोटं स्टिअरिंगवर ताल धरायची. मी कोणालाही बोलले नाही. आपलं दोघांचं गुपित आहे, असं वाटायचं मला." तिने बोटावरची पट्टी सरळ केली. "म्हणून तर आईला नाही सांगितलं, तुम्हाला सांगितलं. आईचे वडील चहा पिऊन निघून गेले, हे मी लहान असताना ऐकलंय. म्हटलं, माझे तसे नाहीत."

"मग मी काय म्हणालो?"

"हसलात. माझ्या गुडघ्यावर थोपटलंत. म्हणालात, 'होईल, होईल. सगळं सरळ होतं.'"

मी बंद शटरचं कुलूप उगाच ओढून बघितलं.

"मी घरी गेले," ती म्हणाली. "बाबांनी ऐकलं आणि विचार करून हे सांगितलं, असं धरून चालले. दीड वर्ष."

२९ सप्टेंबर

सोंग घेताना मी ऐकत असतो. एक शब्द सुटत नाही. हे मी ऐकलंच नाही. तिची शपथ, ऐकलं नाही!

जुनी वही काढली. मागचा मार्च. माझंच अक्षर: "ठकी आली होती. दुपारभर दुकान शांत. अर्धा तास पायरीवर शेजारी बसलो. फारसं काही बोलली नाही. बरं वाटलं."

या वहीत मी खोटं लिहीत नाही.

हिला दाखवलं. हिने वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "तुम्ही फोन नेहमी उजव्या कानाला का लावता हो?"

१ ऑक्टोबर

कानाच्या डॉक्टरीणबाई. उजवा कान तिशीतल्या माणसाचा. डावा गेलेला. पाच वर्षं तरी झाली असतील म्हणाल्या. हळूहळू जातो, कळत नाही.

म्हणजे राखाडी गाडी शांत नव्हती. माझा उजवा कान काचेला होता.

निळी उद्या घरी येईल. पुढे माझ्या शेजारी ठकी बसेल. लहानपणापासून ती जागा तिचीच. डावीकडची.